एक्केचाळीस नंबरचं कार्ड

जुन्या कागदांचं वेड लागलेल्या माणसाला औषध नाही. दारू सुटते, पत्ते सुटतात, पण माणूस एकदा का रद्दीच्या ढिगात मांडी ठोकून काडेपेटीवरची चित्रं निवडायला लागला, की त्याच्या बायकोने कपाळाला हात लावावा आणि गप्प बसावं. खोडरबरच्या बायकोने अर्धंच केलं होतं. कपाळाला हात लावला होता, पण गप्प काही बसली नव्हती.

"घरात माणसं दोन आणि कागद दोन लाख," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "मी मेले तर मलाही एखाद्या पाकिटात घालून वर तारीख टाकतील हे."

खोडरबर हे नाव त्याला छापखान्यात मिळालं होतं. तिथे चित्रांची पोस्टकार्डं छापायचे. पूल, बाग, स्टेशनच्या पायऱ्या, घड्याळाचा मनोरा. फोटोग्राफर मोठा फोटो आणायचा आणि तो आधी याच्या टेबलावर यायचा. बारीक कुंचला, पाण्यात कालवायचा जाड रंग, एक पातं आणि एक भिंग, एवढ्यावर याचं राज्य. विजेची तार आडवी आली, पुसा. मधेच कुत्रं बसलंय, पुसा. माणसं तर हमखास पुसायची. "गिऱ्हाईक गाव विकत घेतं, गावातली माणसं नव्हेत," असं मालक म्हणायचे. छापखान्यात माणसाला माणूससुद्धा म्हणत नसत, 'डाग' म्हणत. 'तिसऱ्या खांबाजवळ दोन डाग आहेत, तेवढे काढून टाक.' हा त्या डागांवर असा रंग चढवायचा, की मागची भिंत जन्मापासून रिकामीच उभी आहे असं वाटावं. मग तो रंगवलेला फोटो पुन्हा कॅमेऱ्याखाली जायचा, त्याचा छपाईचा ठसा, म्हणजे ब्लॉक, बनायचा आणि कार्डं छापून निघायची. छापखाना कधीचाच बंद पडला, पण नाव मात्र चिकटून राहिलं.

आता अडुसष्ट वर्षांचा खोडरबर ती सगळी कार्डं परत गोळा करत होता. नुसती कार्डंच कशाला? बसची तिकिटं, औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं, साबणाची वेष्टणं, सर्कशीच्या जाहिराती, जुन्या दुकानांच्या पिशव्या. जे छापलं गेलं आणि जे लोकांनी फेकून दिलं, ते याचं. कार्डाची मागची बाजू वाचताना तर तो जेवणाची हाक विसरायचा. 'इकडे थंडी फार. धाकटीला दात आला. उत्तर पाठव.' कोण धाकटी, कुठली थंडी, पण त्या दाताचा आनंद याला व्हायचा. बायकोला हाक मारून सांगायचा, "अगं, दात आला बरं का!" ती आतून म्हणायची, "आता तिची कवळीसुद्धा पडली असेल. जेवायला या."

त्याच्या छापखान्याची एकूण कार्डं एकशे बारा. प्रत्येकावर मागे बारीक नंबर. त्यांच्यासाठी त्याने वेगळा आल्बम केला होता आणि त्यात एकशे अकरा कार्डं आपापल्या जागी बसली होती. एक्केचाळीस नंबरचं पान तेवढं रिकामं. नदीचा धक्का, असं त्या कार्डाचं नाव.

"एक्केचाळीस काही मिळत नाही हो," असं तो रविवारच्या बाजारात सगळ्यांना सांगायचा. ते धादांत खोटं होतं. त्याच बाजारात ते कार्ड त्याने तीनदा पाहिलं होतं, आणि तिन्ही वेळा विंचू दिसल्यासारखा मागे सरला होता.

गेल्या वर्षापासून आल्बममध्ये काहीतरी भलतंच सुरू झालं.

पहिल्यांदा बाराव्या कार्डात. बाग, बाक आणि मागे झाड. तो बाक त्यानेच रिकामा केला होता, आणि चांगला रिकामा केला होता. एका दुपारी पान उलटताना त्याला त्या बाकावर कुणीतरी बसलेलं दिसलं. एक पाय दुमडून अंगाखाली घेतलेली, पाठीवर वेणी असलेली मुलगी. त्याने भिंग लावलं. अंग होतं, हात होते. चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं, नुसता कोरा कागद. त्याने डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. बाक रिकामा.

पंधरा दिवसांनी सत्ताविसाव्या कार्डात, स्टेशनच्या पायऱ्यांवर. तशीच, पाय दुमडून. मग त्रेसष्टमध्ये, पुलाच्या कठड्यावर. जिथे जिथे त्याने माणूस पुसून जागा मोकळी केली होती, तिथे तिथे ती येऊन बसायला लागली. घाबरून त्याने आल्बम मिटला, तर बोटांना ओल लागली. एक्केचाळीस नंबरच्या कोऱ्या पानाचा खालचा कोपरा ओला होता आणि त्याला नदीच्या पाण्याचा वास येत होता.

"मोतीबिंदू," बायको म्हणाली. डोळ्यांच्या डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं, डोळे वयाच्या मानाने उत्तम आहेत. "मग डोकं तपासून घ्या," बायको म्हणाली. पण त्या दिवशी तिने त्याला चहा दोनदा करून दिला. एरवी दुसऱ्या चहाला ती सरळ नाही म्हणायची.

ती मुलगी कोण, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काय सांगू तुम्हाला, माणूस बायकोपासून लपवेल, बाजारापासून लपवेल, पण स्वतःला कुठे नेऊन लपवणार?

बेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. धक्क्याचा फोटो टेबलावर आला. कडेला मनोऱ्याचं घड्याळ, त्यात आठ वाजून दहा मिनिटं. समोर दगडी कठडा, त्यावर एक डाग. मालक म्हणाले, काढ. त्याने अर्ध्या दिवसात काढला. चौथ्या दिवशी छापखान्यामागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. गळ्यात टेप तशीच. त्यांची अठरा वर्षांची मुलगी मोज्यांच्या कारखान्यात कामाला होती. मंगळवारी सकाळी घरून निघाली ती कारखान्यात पोचलीच नव्हती.

"कामावर जायच्या आधी ती रोज धक्क्यावर बसते," बाई म्हणाल्या. "तुमचा फोटोवाला मंगळवारी तिथे होता म्हणे. त्यात ती आहे का, तेवढं बघा ना."

मालकांनी मागून नुसतं पाहिलं. आमची चित्रं रंगवलेली असतात, हे बाहेर कळता कामा नये, असा त्यांचा सक्त हुकूम होता. सव्वीस वर्षांचा खोडरबर, लग्न दोन महिन्यांवर, नोकरी नवी. त्याने ताज्या छपाईतलं एक कार्ड बाईंच्या हातात ठेवलं.

"कुणी नाहीये मावशी. बघा ना, कठडा रिकामा आहे."

बाईंनी खूप वेळ पाहिलं. मग तेच कार्ड त्यांनी पोलीस चौकीत नेऊन दाखवलं. आठ वाजून दहा मिनिटांनी धक्क्यावर कुणी नाही, म्हणजे पोरगी नदीकडे गेलीच नाही, असं चौकीवाल्यांनी ठरवलं. शोध निघाला तो बसस्टँडवर आणि परगावी. नदीत कुणी गळसुद्धा टाकला नाही. आठवड्याने वरच्या धरणाचं पाणी सुटलं आणि विषयच संपला.

तीन आठवड्यांनी बाई पुन्हा आल्या. खोडरबरने त्यांना माडीवरच्या खिडकीतून पाहिलं, खाली निरोप धाडला, "सांगा, मी नाहीये," आणि फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन उभा राहिला. पुढची बेचाळीस वर्षं तो त्या गल्लीतून गेला नाही. बाजाराला जायचं तर गल्लीतून पाच मिनिटं लागतात, हा पंधरा मिनिटांचा वळसा घालायचा. बायकोला सांगायचा, पायांना व्यायाम होतो.

एकदा शिंप्याच्या दुकानात त्याच्या कानावर आलं होतं, की त्या बाईंकडे मुलीचा एकही फोटो नाही. एकच होता, तो चौकीत दिला, तो चौकीत हरवला. त्या दिवशी तो घरी येऊन न जेवता झोपला. कार्डं गोळा करायचं वेड लागलं ते त्यानंतर. लोकांना वाटायचं म्हातारा चित्रं शोधतोय. तो खरं म्हणजे ते चित्र सोडून बाकी सगळं शोधत होता.

मग गेल्या महिन्यात रद्दीवाला आला. हा त्याचा जुना दोस्त. चांगलं काही मिळालं की आधी इकडे आणायचा.

"काका, आज बक्षीस द्यावं लागेल," असं म्हणत त्याने एक चपटी पेटी जमिनीवर ठेवली. "तुमच्या छापखान्याचं गोदाम पाडतायत. ही भिंतीतल्या कपाटात होती. छापलेली कार्डं नाहीत, मोठे फोटो आहेत. कुणीतरी वर रंग फासलाय."

मूळ फोटो. त्याच्या हातचे, त्याच्या रंगाचे. छापून झाल्यावर मालक ते जाळतात, असं त्याला वाटत होतं.

"आणि हो," रद्दीवाला निघता निघता म्हणाला, "मागच्या गल्लीतल्या शिवणवाल्या बाई अंथरुणाला खिळल्या. मशीन मलाच विकलं त्यांनी. म्हणाल्या, आता फार दिवस नाहीत, कुणाच्या तरी कामाला येऊ दे. वाईट वाटलं हो."

पेटीत एक्केचाळीस नंबर तळाशी होता. वहीच्या दोन पानांएवढा. कठड्यावर त्याने रंगवलेले दगड अजून तसेच होते, एकेक सांधा खरा वाटावा असे. आणि त्याला एकदम सुचलं. हा रंग पाण्यात कालवलेला. पाण्याने चढतो, तो पाण्याने उतरतोसुद्धा! खाली ती आहे. बेचाळीस वर्षं ती तिथेच बसलीय. बाई जायच्या आत त्यांना मुलीचा चेहरा दाखवता येईल. काय तोंडाने दाखवणार, काय बोलणार, ते पुढचं पुढे.

कोमट पाणी घेतलं, कापसाचे बारीक बोळे केले आणि तो खिडकीपाशी बसला. घाई करायची नाही. आधी पायापासून. रंग मऊ झाला, करडा चिखल बोळ्यावर आला आणि खालून एक चप्पल उगवली. मग दुमडलेला गुडघा. मग मांडी, मांडीवर काहीतरी चौकोनी, डबाबिबा असावा. हात. पाठीवर सोडलेली वेणी. खोडरबर चक्क हसत होता. "ये, बाई ये," असं पुटपुटत होता. चेहरा त्याने शेवटी ठेवला होता. डाळीच्या दाण्याएवढा तो, पण फोटो असा लख्ख की भिंगाखाली पापणीसुद्धा दिसावी.

चेहऱ्यावरचा रंग निघाला. खाली पांढरा कागद होता.

त्याला वाटलं रंगाचा थर राहिलाय. पुन्हा बोळा फिरवला. कागदाची लव उठली. मग त्याने भिंग लावलं आणि पात्याचे ओरखडे पाहिले, आडवे, बारीक, एकसारखे. त्याचेच. फोटोचा कागद गुळगुळीत, उन्हातल्या उजळ भागावर रंग धरत नाही, सुकला की पोपडा निघतो. म्हणून तेवढी जागा आधी पात्याने खरवडायची, ही त्याची स्वतःची युक्ती. मालक त्यासाठी त्याचं कौतुक करायचे. इतक्या वर्षांत तो ते साफ विसरला होता.

म्हणून तिला चेहरा नव्हता. बाकावर, पायऱ्यांवर, पुलावर. त्याने ठेवलाच नव्हता, तर ती आणणार कुठून?

बायको आत आली तेव्हा तो फोटोसमोर कुंचला ओला करून बसला होता. तिने काय झालं विचारलं आणि त्याने सगळं सांगून टाकलं, पहिल्यापासून. ती पलंगाच्या कडेला बसली.

"बेचाळीस वर्षं माझ्या शेजारी झोपलात," ती म्हणाली, "आणि हे पोटात ठेवलंत?"

"चूक झाली गं."

"आणि हा कुंचला कशाला घेतलाय आता?"

"चेहरा काढतो. हसरा काढतो. हात अजून चालतो माझा. म्हातारीला काय कळणार?"

बायकोने त्याचं मनगट धरलं, असं घट्ट की कुंचला खाली पडला. "एकदा पुसलंत तिला. आता वर दुसरीच कुणीतरी बसवता? लाज नाही वाटत? उठा. चप्पल घाला. जे आहे ते घेऊन जा आणि जे केलंत ते सांगा."

तो गेला. गल्ली केवढीशी, पण त्याला धाप लागली. दार उघडंच होतं. खोलीत मशीनच्या चार पायांच्या खुणा फरशीवर तेवढ्या राहिल्या होत्या. खिडकीत टाचण्यांचा डबा. पलंगावर बाई, पार वाळलेल्या, पण डोळे जागे. आणि उशाशी भिंतीवर, हात पुरेल अशा उंचीवर, काचेच्या चौकटीत एक्केचाळीस नंबरचं कार्ड. उलटं. मनोरा खाली डोकं, वर पाय.

"कोण?" बाईंनी विचारलं.

"मी... छापखान्यात होतो."

"कुंचलेवाला?"

"हो."

"फार उशीर लावलास रे," बाई म्हणाल्या.

काहीतरी करायचं म्हणून तो चौकट नीट करायला पुढे झाला.

"हात लावू नकोस."

"मावशी, उलटं लागलंय ते."

"तुमच्या लेखी उलटं. माझी पोर त्यात सरळ बसते."

त्याने खिशातलं भिंग काढलं आणि कार्डाला डोळा लावला. कठड्याखालच्या पाण्यात, उलट्या कार्डात वरच्या अंगाला, एक काळपट आकृती होती. पाय दुमडून बसलेली. पाठीवर वेणी. त्याने कठड्यावरची मुलगी पुसली होती आणि तिचं पाण्यातलं प्रतिबिंब तसंच राहिलं होतं! राहिलं कसं? त्याला आठवलं. कार्डाच्या खालच्या भागात नावाची पांढरी पट्टी येणार होती. पट्टीखाली जाणाऱ्या भागावर रंग फुकट घालवायचा नाही, अशी छापखान्याची रीत. मग छापताना मालकांनी नाव मागच्या बाजूला हलवलं. त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानेही परत पाहिलं नाही.

"तीन आठवडे मी ते कार्ड बघत होते," बाई म्हणाल्या. "एक दिवस टेबलावर उलटं पडलं आणि मला ती दिसली. अशीच बसायची, एक पाय अंगाखाली. शंभरदा ओरडले असेन, पाय खाली सोड म्हणून. चौकीत गेले. ते हसले. म्हणाले, खांबाची सावली आहे. मग तुझ्याकडे आले."

"मी..."

"खिडकीत होतास. मला दिसलास. खालच्याने सांगितलं, तू नाहीस."

"मी होतो, मावशी."

"माहीत आहे मला."

खोडरबर पलंगाशेजारी खाली बसला.

"पुन्हा का नाही आलात?"

"दोनदा 'नाही' हेच ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकायला अंगात बळ नको?" बाईंनी श्वास घेतला. "भांडायला नव्हते आले मी. पोर गेली हे मला पाण्यात दिसलं होतंच. मला एवढंच विचारायचं होतं. पहिल्यांदा आले तेव्हा तुझ्या टेबलावर कुंचला आणि भिंग पाहिलं होतं, तू भिंग लावून काम करतोस. तू तिचा चेहरा पाहिला असशील. रडत होती का?"

त्याने बरोबर आणलेला फोटो मांडीवर घेतला.

"त्या दिवशी सकाळी तिने गिऱ्हाइकाचा कपडा इस्त्रीने जाळला. मी तिला मारलं. एवढ्या मोठ्या पोरीला. न खाता निघाली. मी डबा पिशवीत कोंबला, तर म्हणाली, तुझ्या हातचं मी खाणार नाही. मी म्हटलं, नको खाऊस, मर तिकडे." बाईंनी भिंतीवरच्या कार्डाकडे तोंड फिरवलं. "मर तिकडे म्हटलं रे मी. रडत असली, तर तिने उडी घेतली. माझ्यामुळे. नसली, तर घसरली. सांग. रडत होती का?"

खोडरबरच्या जिभेवर उत्तर तयार होतं. 'हसत होती.' दोन शब्द. म्हातारी सुखाने गेली असती. पण याच तोंडाने एकदा 'कुणी नाहीये' सांगितलं होतं, आणि त्याचं काय झालं ते भिंतीवर उलटं टांगलेलं होतं.

"मी नाही पाहिला तिचा चेहरा," तो म्हणाला. "रंग धरावा म्हणून पात्याने खरवडला. खरवडायच्या आधीही पाहिला नाही. आम्ही डाग म्हणायचो. डागाकडे कोण बघतं? हा मूळ फोटो मिळाला. सगळी आली त्यात, चेहराच नाही. माझ्या हाताने गेला तो."

बाईंनी डोळे मिटले. त्याला वाटलं, आता त्या जा म्हणतील. मग त्यांनी हात पुढे केला, आणि त्याने फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाजवळ नेला, लांब धरला.

"मला दिसत नाही आता," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं कार्ड दिसत होतं कारण ते पाठ होतं. हे तू सांग. भिंग लाव. पायापासून सांग, जे असेल ते सगळं. आता बघ नीट."

त्याने भिंग लावलं.

"एक चप्पल कठड्याखाली पडलीय. दुसरी दिसत नाही."

"दुमडलेल्या पायात. चप्पल घालूनच पाय वर घ्यायची, घाण. पुढे?"

"गुडघा. बाहीला बटण आहे, तुटलेलं."

"ते राहिलंच लावायचं. पुढे सांग."

"मांडीवर डबा."

बाईंची बोटं चादरीवर थांबली. "बंद?"

मघाशी घरी त्याने त्या चौकोनी वस्तूकडे नीट पाहिलंही नव्हतं. चेहऱ्याच्या नादात होता तो. आता पाहिलं. "नाही. उघडा. झाकण बाजूला ठेवलंय, कठड्यावर."

"आत काय आहे?"

"पावाचा तुकडा. कडेचा, उरलेला. आणि एक अंडं."

"एकच? नीट बघ. एकच?"

"एकच आहे, मावशी."

"मी दोन घातली होती," बाई म्हणाल्या. "हात? हात कुठे आहे तिचा?"

"डावा डब्यावर. उजवा वर उचललाय." तो अडखळला. उजव्या हाताची बोटं त्या खरवडलेल्या पांढऱ्या जागेच्या काठाशी येऊन संपत होती. "तोंडाकडे नेलाय."

बाई हसल्या की रडल्या, ते त्याला कळलं नाही. सगळं अंग हलत होतं आणि आवाज येत नव्हता.

"खाल्लं तिने," त्या म्हणाल्या. "माझ्या हातचं खाल्लं. आठ वाजताच डबा उघडून बसली, हावरट मेली. जीव द्यायला निघालेली पोर आधी अंडं खात बसेल का रे? घसरली ती. खाली हात धुवायला उतरली असेल. त्या पायऱ्यांवर शेवाळ असायचं. मी सांगायची तिला, नेहमी सांगायची."

"मावशी, मला..."

"थांब." बाईंनी त्याच्याकडे तोंड वळवलं. "बेचाळीस वर्षं मी तिला मारून टाकलं असं समजून जगले. रोज. सकाळी उठले की पहिलं तेच. आणि हा डबा तुझ्या टेबलावर उघडा होता. चेहरा नको होता मला, बाबा. एवढं सांगितलं असतंस तरी पुरलं असतं. माफी मागू नकोस. मला द्यायला जमणार नाही."

बाईंनी सांगितलं म्हणून त्याने चौकट काढली, त्यातलं कार्ड बाहेर घेतलं आणि मूळ फोटो टाचण्यांनी भिंतीवर लावला, उशाशी, सुलट. टाचण्या त्यांनीच मोजून दिल्या, चार.

"कार्ड तू घेऊन जा," बाई म्हणाल्या. "माझं काम झालं त्याचं."

अकरा दिवसांनी बाई गेल्या. रद्दीवाल्याने येऊन सांगितलं.

त्या दुपारी खोडरबरने आल्बम काढला. एक्केचाळीस नंबरचं पान कोरडं होतं. त्याने कार्ड चारी कोपऱ्यांत बसवलं. बायको मागून बघत होती.

"अहो, उलटं लावलंत."

"सरळच आहे," तो म्हणाला. तिने भिंग मागून घेतलं, पाहिलं आणि परत दिलं.

मग त्याने बारावं कार्ड काढलं. बाग, बाक, झाड. बाकावर कुणी नव्हतं. सत्ताविसावं पाहिलं, त्रेसष्टावं पाहिलं. ती कुठेच नव्हती. हायसं वाटायला हवं होतं. तो पुन्हा बाराव्यावर आला आणि बाकाकडे बघत बसला. मूळ फोटोत तिथे कोण होतं? बाई होती की बुवा? एक की दोघं? त्यांच्या हातात काय होतं? त्याने वही उघडली, वर 'बारा' असं लिहिलं आणि आठवायला लागला. अंधार पडेपर्यंत तो आठवत होता. बायकोने येऊन दिवा लावला तेव्हा वहीत 'बारा'च्या पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.